सिरियमचा उंचवटा

३ मार्च

मुंगी,

खाली लिहिलेलं सगळं मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. जिथे विकतचं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

दगड कापायची करवत, एक. चौकट भंगारात निघालेल्या छपाईयंत्राची. मोटर आणि हिऱ्याचं पातं विकत.

दगड फोडायचा जबडा, एक. दात दोनदा बदलले.

हलत्या चाळण्यांचं टेबल, एक. जाळ्या नायलॉनच्या. पितळेच्या लावल्या की तांबं-जस्त नमुन्यात उतरतं, म्हणून.

अकीकाच्या चक्कीचा पाळणा, एक. चक्की विकत, पाळणा माझा.

दगडाच्या पातळ कापांना पॉलिश करायची चाकं, दोन.

पाणी निवळायची टाकी, तीन कप्प्यांची, एक. करवतीचं आणि चाकांचं पाणी हिच्यातून निवळून परत फिरतं. रोजचं साडेतीनशे लिटर पाणी वाचतं.

सुकवायचं कपाट, एक. तापमान एका अंशाच्या आत राहतं. विकतचं चार अंश हलतं.

लाकडी खण, सहाशे चाळीस. एकही अडकत नाही.

ही यादी कंपनीने मागितली. ज्या खाणीसाठी आपली संस्था दगड तपासते तीच कंपनी. संस्थेत काय विकत घेतलेलं आणि काय बनवलेलं, ते त्यांना हवंय. का, ते सांगत नाहीत. यादी टाइप करून दिली आणि एक प्रत उरली. आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "मला त्यातलं कपाट तेवढं कळलं. जिला सगळं कळतं तिला पाठव की."

म्हणजे हे पत्र मी आईच्या सांगण्यावरून लिहितोय असं नाही. तिने सांगितलं एवढंच.

आपण बोललो त्याला तीन वर्षं दोन महिने झाले. तुझी वहिनी बरी आहे. आईचा गुडघा आहे तसाच आहे.

दादा

११ मार्च

मुंगी,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही तुझ्या दोन पत्रांना दिलं नव्हतं. हिशेबात तुझं अजून एक येणं बाकी आहे.

गेल्या गुरुवारी करवतीचा पट्टा तुटला. नवा यायला आठ दिवस. कंपनीच्या माणसाला मात्र सहा नमुने लगेच हवे होते. हा माणूस तू गेल्यावर आला. उन्हापावसात, खोलीतसुद्धा, डोक्यावर हेल्मेट. आम्ही त्याला टोपणच म्हणतो. टोपण म्हणाला, "मिस्त्री, कापलेच पाहिजेत असं कुठे आहे? हातोडीने फोडा ना." मी त्याला सांगितलं की मी मिस्त्री नाही आणि हातोडीने फोडलेला तुकडा सरळ येत नाही. पण फोडून दिले. सहाच होते.

कालचा रविवार आईने मला कोंडीत पकडण्यात घालवला. तिचं म्हणणं, तुझं-माझं भांडण नेमकं कशावरून झालं ते तिला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. मी म्हटलं, सिरियमवरून. ती म्हणाली, "ही कोण?"

मग मी तिला समजावून सांगितलं. तुला माहीत आहे, तरी कसं सांगितलं ते लिहितो, चुकलं असेल तर कळव. म्हटलं, दगडात थोडी थोडी दुर्मिळ मूलद्रव्यं असतात. ती एका घरातली भावंडं. ओळीने उभी केली की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक जण आधीच्यापेक्षा तसूभर बारीक. स्वभाव सगळ्यांचा सारखा, कुठे गेली तरी सगळी मिळून जातात. दगडातले त्यांचे आकडे उल्केतल्या आकड्यांनी भागले की कागदावर एक सरळसोट, जरा उतरती रेघ येते. त्या रेघेत एखादंच भावंड वर उचललेलं किंवा खाली बसलेलं दिसलं, तर समजायचं की या दगडावर काहीतरी गुदरलेलं आहे. धातू घेऊन येणारं गरम पाणी इथून गेलं असेल, असं.

"किती भावंडं?" आईने विचारलं.

"पंधरा. पण एक निसर्गात सापडत नाही. म्हणून चौदा."

"चौदा," आई म्हणाली. "आणि त्यांच्या आईला कुणी विचारलं नसेल."

सिरियम त्यातलं दुसरं. आपल्या खाणीतल्या धातूच्या शिरेजवळच्या दगडांत ते ओळ सोडून दुपटीने वर येत होतं आणि लांबच्या दगडांत येत नव्हतं. आपल्या संस्थेच्या साहेबांनी त्यावरून म्हटलं की सिरियम जिथे वर, तिथे शीर जवळ. आणि त्यावरचाच लेख तुझं आणि त्यांचं नाव घालून निघणार होता. तू सभेत उभी राहून म्हणालीस, "मला या दगडात ते जादा सिरियम धरून बसलेलं एकही खनिज सापडत नाही. कापण्यापासून दळण्यापर्यंत कुठेतरी ते बाहेरून शिरतंय."

कापण्यापासून दळण्यापर्यंत म्हणजे मी.

इथपर्यंत आईला सांगितलं. पुढचं नाही सांगितलं.

दादा

१७ मार्च

मुंगी,

पुढचं तुला लिहितो. तू तिथे होतीस, पण मला काय आठवतं ते तुला ठाऊक असावं.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "कुठे शिरतंय? दाखव." तुला दाखवता आलं नाही. मग मी कोऱ्या नमुन्याचे आकडे काढले. दर दहा नमुन्यांनंतर मी शुद्ध गारेची, म्हणजे गारगोटीची, वाळू चक्कीत दळतो आणि तीही तपासायला पाठवतो, चक्कीत मागचं काही राहिलं का ते कळावं म्हणून. एकवीस कोरे नमुने, एकातही सिरियम नाही. आणि मी म्हणालो, "माझी खोली घाण असती तर लांबच्या दगडांतही सिरियम वर दिसलं असतं. फक्त शिरेजवळच्याच दगडात कसं शिरतं? त्याला पत्ता दिलाय का कुणी?"

लोक हसले. साहेब हसले. मी तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "पुस्तकं वाचून खोली झाडता येत नाही."

ते मी दहावी शिकलेला माणूस तुला, म्हणजे जिच्या पुस्तकांतून मी हे सगळं शब्दकोश घेऊन शिकलो तिला म्हणालो. आपण ते परत कधी बोललो नाही, म्हणून लिहून ठेवलं.

लेखातून तुझं नाव गेलं. साहेबांनी वर लिहून कळवलं की तुला आकडे समजून घेता येत नाहीत. तू त्या कॉलेजात शिकवायला गेलीस. आणि मला त्या वर्षी पाणी वाचवल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं.

आज लिहायचं कारण. त्या सहा नमुन्यांचे आकडे आले. मोजायच्या यंत्रावर अजून त्याच बाई आहेत, तू त्यांना यंत्रीणबाई म्हणायचीस त्या. त्यांचा फोन आला. "तुमची सहाही पोरं शिस्तीत उभी आहेत हो. सिरियम एकदम ओळीत. यावेळी दगड कुठून आणले?"

"तिथूनच," मी म्हटलं. "शिरेला खेटून."

"मग मागच्या वेळी काय झालं होतं त्यांना?"

टोपणला सांगितलं तर तो म्हणाला, दगडाचा वेगळा पट्टा लागला असेल. साहेब म्हणाले, वेगळा पट्टा असेल. पण खण क्रमांक ३१८ मधला दगड तीन वर्षांपूर्वी मीच कापला होता, तेव्हा सिरियम दुप्पट होतं. या सहापैकी दोन तुकडे त्याच खणातल्या त्याच दगडाचे आहेत. वेगळा पट्टा एका वीतभर दगडात मावत नाही.

करवतीचा नवा पट्टा आला आहे. मी एक गोष्ट करून बघणार आहे.

दादा

२२ मार्च

मुंगी,

केलं ते असं.

चार दगड घेतले. दोन शिरेजवळचे, दोन लांबचे, ताजे. प्रत्येकाचा अर्धा भाग करवतीने कापला, अर्धा हातोडीने फोडला. पुढे सगळं सारखं: तेच धुणं, तेच कपाट, तीच चक्की. आठ पाकिटं, आठ नंबर, कुठला कसा ते यंत्रीणबाईंना सांगितलं नाही.

लांबचे दोन: कापलेले असोत की फोडलेले, सिरियम ओळीत. ओळीत म्हणजे एक. आले १.०४, १.०२, १.०३, १.०२.

शिरेजवळचे दोन: फोडलेले १.०३ आणि १.०५. कापलेले १.९१ आणि २.०८.

म्हणजे करवत. पण पात्यात सिरियम नाही, ते मी आधीच तपासलेलं. उरलं पाणी.

टाकी मी फक्त करवतीसाठी बांधली होती. पाच वर्षांपूर्वी पॉलिशच्या चाकांचं पाणीही तिच्यातच सोडलं, तेवढंच पाणी वाचावं म्हणून. त्याच वर्षी मी पॉलिशची पावडर बदलली. नवी जास्त चांगली चकाकी देते. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे, पाच वर्षं माझ्या फळीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला: सिरियम ऑक्साइड.

पावडर मैद्याहून बारीक. तीन कप्प्यांत काय, तीस कप्प्यांतही पुरती खाली बसली नसती. करवतीचं पाणी दगडाच्या पिठाने दुधाळच असतं, त्यात आणखी कोण मिसळलंय ते डोळ्याला कळत नाही. लांबचे दगड ताजे, घट्ट. पाणी वरून ओघळून जातं. शिरेजवळचे दगड एके काळच्या गरम पाण्याने आतून कुजलेले, बारीक भेगांनी भरलेले. ते पितात. मी त्यांना वरून धुवायचो, कपाटात सुकवायचो, आणि एका अंशाच्या आत सांभाळलेल्या त्या उबेत पाणी उडून जाऊन पावडर आत राहायची. गारेची वाळू करवतीवर कधी जातच नाही, थेट चक्कीत जाते. म्हणून एकवीस कोरे नमुने स्वच्छ.

त्याला पत्ता होता. मीच दिलेला.

तू म्हणाली होतीस, कापण्यापासून दळण्यापर्यंत. कापण्यापासून हा शब्दही बरोबर होता.

हे मी आईला सांगितलं. तिने निवडलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे पोरगी खरं बोलत होती."

"हो."

"आणि तू?"

"मीही खरंच बोलत होतो. चुकीचं."

"ते आपल्या घरात पुरुषांना फार जमतं," आई म्हणाली. मग तिने मला सांगितलं की अठ्ठावीस तारखेला मोठ्या प्रयोगशाळेत तुझी मुलाखत आहे, आणि त्यांनी तुला पत्रातच विचारलं आहे की त्या लेखातून तुझं नाव का काढलं. तू काय उत्तर देणार आहेस ते आईला माहीत नाही. ती म्हणाली, "ती काही बोलणार नाही. तुझं नाव घ्यावं लागेल म्हणून."

मी निवेदन लिहिलं आहे. सव्वा पान. आकडे, खणांचे क्रमांक, पावडरीचा डबा, टाकीचं चित्र मापांसकट. खाली सही. तू हो म्हणालीस तर प्रयोगशाळेला पाठवतो. नाही म्हणालीस तरी ज्या नियतकालिकात तो लेख आला त्यांना पाठवणारच आहे, ते तुझ्यासाठी नाही. पण प्रयोगशाळेचं तुला विचारल्याशिवाय नको. मागच्या वेळी तुझ्याबद्दल तुला न विचारता पुष्कळ बोललो.

दादा

२५ मार्च

मुंगी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. जशाच्या तशा परत लिहितो, म्हणजे मी नीट वाचल्या हे कळेल.

"कापलेल्या-फोडलेल्या आठही तुकड्यांचे नंबर पाठव. टाकीच्या तिन्ही कप्प्यांतला गाळ वेगवेगळा तपासून घे, नाहीतर कुणी म्हणेल पावडरीचा नुसता संशय आहे. निवेदन पाठवलंस तरी चालेल. आईला गुडघ्यावर पट्टा बांधायला सांग, नुसतं तेल लावून काही होत नाही."

नंबर सोबत जोडले आहेत. गाळाचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी टाकी रिकामी करून घासायला निघालो होतो. तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं असतं तर पुरावा मोरीत गेला असता. तिन्ही कप्प्यांतला गाळ यंत्रीणबाईंनी रांग मोडून आजच मोजून दिला. पहिल्या कप्प्यात सिरियम सगळ्यात कमी, कारण तिथे दगडाचं जाड पीठ बसतं. तिसऱ्यात सगळ्यात जास्त. करवतीला पाणी तिसऱ्यातून जातं. बाई म्हणाल्या, "एवढं सिरियम माझ्या यंत्राने आजवर पाहिलं नव्हतं. आता दोन दिवस त्याला धुवत बसते. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा, आणि उशीर झाला म्हणून सांगा."

निवेदन काल दोन्हीकडे गेलं. पोचल्याची सही माझ्याकडे आहे.

त्याआधी साहेबांकडे गेलो. त्यांच्या पाठीमागून काही करायचं नव्हतं. ते वाचत असताना मी उभाच होतो. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुम्हाला कळतंय का यात काय आहे?"

"मीच लिहिलंय."

"पाच वर्षांचे दोनशे बारा नमुने बाद. माझा लेख बाद. कंपनी त्या लेखावर पुढच्या महिन्यात खोल खोदाई सुरू करतेय."

"तिथे सिरियम नाहीये, साहेब. शीर असेल, नसेल. सिरियम माझ्या टाकीत आहे."

"तुमच्याइतका काटेकोर माणूस नाही म्हणून मी तुमच्या शब्दावर गेलो. त्या मुलीच्या नाही."

"तेच तर लिहिलंय शेवटच्या परिच्छेदात," मी म्हटलं. "तो शब्द परत घेतोय."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, पण मी तोवर दाराशी पोचलो होतो. आज दुपारी टोपण आला. हेल्मेट काढून हातात धरलं होतं, पहिल्यांदाच. त्याचं-माझं काही बोलणं झालं. ते इथे लिहीत नाही, मुलाखतीआधी तुझ्या डोक्याला आणखी एक गोष्ट नको.

आईने पट्टा बांधला आहे. उलटा.

दादा

६ एप्रिल

मुंगी,

तुझी नेमणूक झाली हे आईकडून कळलं. फोनवर तू तिच्याशी एकोणीस मिनिटं बोललीस. मला फोनवर बोलावलं नाहीस, ते बरोबर आहे. मला पत्रात लिहिता येतं तसं फोनवर बोलता येत नाही, आणि तुला अजून ऐकायचं नसेल. मुलाखतीत त्यांनी माझी टाकीची आकृती टेबलावर ठेवली होती आणि तू अर्धा तास तिच्यावरच बोललीस, हेही आईने सांगितलं. आकृतीतली मापं मिलिमीटरमध्ये आहेत. तू सेंटिमीटर म्हणालीस असं आई म्हणते. आईचं ऐकण्यात चुकलं असेल.

इथलं सांगतो. नव्या नमुन्यांसाठी खोली बंद आहे. चाकांना वेगळं पाणी, करवतीला वेगळं, आणि करवतीचं पाणी एकदा वापरून सोडून द्यायचं, असं ठरलं. टाकी मी स्वतः फोडली. अडीच तास लागले, चांगली बांधली होती. आता दोनशे बारा दगड पुन्हा तयार करायचे आहेत, सगळे फोडून. रोज सहा होतात. कोरा नमुना म्हणून यापुढे गारेचा अख्खा, भेगाळलेला तुकडा घेणार आहे आणि तोही बाकीच्यांसारखा अथपासून इतिपर्यंत सगळीकडून नेणार. वाळूवर विश्वास ठेवला हीच खरी चूक होती, पावडर नंतरची. तुझ्या नव्या प्रयोगशाळेत बघ, वाळूच वापरत असतील. बहुतेक ठिकाणी तीच वापरतात.

साहेबांनी लेख मागे घेतला. दुरुस्तीच्या टिपणात तुझं नाव पहिलं आहे, माझं तळाशी, 'नमुने तयार करणारे' म्हणून. साहेबांनी ते मला वाचून दाखवलं. मी 'दूषित' हा शब्द घालायला लावला. त्यांनी 'बाधित' लिहिलं होतं.

तुझी वहिनी म्हणाली, आता ते टोपणचंही लिही. मला लिहायचं नव्हतं. पण आई ते तुला फोनवर सांगणार, आणि आई आकडे वाढवते. माझ्या पगाराचा आकडा तिने शेजारी इतका वाढवून ठेवलाय की ते आमच्याकडे उसने मागायला येतात. म्हणून झालं तसं लिहितो.

टोपण माझ्या खोलीत आला आणि स्टुलावर बसला. सोबत एक फाईल. म्हणाला, कंपनी स्वतःची नमुन्यांची प्रयोगशाळा काढतेय, यादी त्यासाठीच मागितली होती. सगळी अवजारं ते विकत घेणार, आणि मलाही. नेमणूकपत्र तयार होतं. वर माझं नाव, पुढे 'प्रमुख, नमुना विभाग'. माझ्या नावापुढे छापील पद मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हात पुसून कागद धरला.

त्याच्यामागे आणखी एक कागद होता. त्यावर एकच वाक्य. दोनशे बारा नमुने तयार करताना त्यांत बाहेरचं काहीही मिसळलेलं नाही. खाली सहीला जागा, आणि तारीख आधीच भरलेली, आठ मार्चची. म्हणजे माझ्या आठ पाकिटांच्या आधीची.

"ही तारीख चुकली आहे," मी म्हटलं.

"चुकलेली नाही, मिस्त्री. त्या तारखेला तुम्हाला काही माहीत नव्हतं. खोटं नाही त्यात."

"माझं निवेदन काल गेलं."

"ते परत मागवता येतं. एक कोरडी चिठ्ठी: आकडे पुन्हा तपासतोय. खोदाई सुरू झाली की मग खुशाल तपासा."

"आणि माझी बहीण?"

"तिची मुलाखत अठ्ठावीसला आहे म्हणे," टोपण म्हणाला. त्याला हे कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. "मुलाखती काय, पुन्हा होतात."

मी दोन्ही कागद फाईलमध्ये घातले, जसे होते त्याच क्रमाने, आणि त्याला म्हटलं की मी मिस्त्री नाही. तो गेला. हेल्मेट माझ्या टेबलावर विसरला, ते दुसऱ्या दिवशी पाठवून दिलं.

आई तुला अडीच लाख सांगेल, आणि वर घर. घर नव्हतं. पाच वर्षांचा करार होता, अवजारांचे वेगळे चार लाख, आणि पगार दरमहा एक लाख पासष्ट हजार. मी नाही म्हटलं.

दादा